कडेला थोडं थांबायचं

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की बचत गटाच्या वहीतली माझी सही बघून बायका विचारतात, "कोंबडी चाललती काय गं ह्यावरनं?" ही वही कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझ्या मागं कुणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात आणि मास्तरांबद्दल जे लिहिलंय तेवढं खरं धरावं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचे. पण सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची. राहायचे कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, एका शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत. माणूस एकटा, लग्न केलेलं नव्हतं. मूळचे जयसिंगपूरचे, जैनांचे. आता तिकडेच भावाकडे असतात. मी फोन केला की उचलतात, पण बोलणं अस्पष्ट झालंय. "अक्का" एवढं मला कळतं. बाकीचं मी अंदाजाने धरते आणि हो म्हणते.

मला अक्का म्हणणारे ते एकटेच. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठे असतील. पण त्यांच्या तोंडात ते बसलं होतं. कबनूरच्या ज्या यंत्रमाग कारखान्यात मी कामाला होते, तिथे मला कुणी नावानेही हाक मारत नसे. मी कांड्या भरायची. मागावर धोटा इकडून तिकडे पळतो, त्याच्या पोटात सुताची छोटी नळी असते, ती कांडी. "ए कांडीवाली," एवढंच माझं नाव. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मी मुळातच कमी बोलणारी. कुणी हाक मारली नाही तर बरंच.

मास्तरांना कडेची खोड होती. टेबलाच्या कडेला कुणी कप ठेवला की बोलता बोलता एका बोटाने तो आत सरकवायचे. पुढच्या माणसाच्या ते लक्षातही येत नसे. बसस्टॉपवर कुणी फुटपाथच्या अगदी टोकाला उभं असलं तर त्याच्याकडे असं बघायचे की तो आपणच एक पाऊल मागे सरायचा. त्यांचं एक वाक्य होतं: "कड म्हणजे पडायची जागा नव्हे अक्का. कड म्हणजे विचारायची जागा. पुढं जायचंय का, असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं."

दार वाजवलं की ते पाच मोजायचे. ओठ हलताना दिसायचे. आतल्या माणसाचे हात ओले असतील, पदर सरळ करत असेल, म्हणून पाच. पाच झाले की दुसरी थाप. मालकांच्या केबिनला दारच नव्हतं, पडदा होता. तरी हे पडद्याबाहेर उभे राहून पाच मोजायचे आणि आतून मालक ओरडायचे, "या की मास्तर! पडद्याची पूजा घालायलाय काय?"

त्यांच्या खोलीत एका खिळ्याला जुन्या माऊसची माळ लटकलेली होती. एकाही बिघडलेल्या माऊसला त्यांनी टाकून दिलं नव्हतं. शेपट्या एकत्र बांधून लटकवलेले, पंधरा-वीस तरी. खालच्या शिलाईवाल्या वहिनी म्हणायच्या, "ह्यांच्याकडं मांजर येऊन बसतंय आणि वर बगत ऱ्हातंय. त्येलाबी कळंना काय करायचं." प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचे, तोही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. पाणी फडक्यातून गाळून प्यायचे. सूर्य मावळायच्या आत जेवायचे. वाक्य अर्धं असलं तरी उठायचे, जेवून यायचे, आणि त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे. त्यांची एकच चैन होती. जेवणाआधी गवळ्याच्या कट्ट्यावर जाऊन म्हशीचं ताजं दूध, एक ग्लास, उभ्याउभ्या.

आमच्या मालकांनी त्यांना बोलावलं ते साड्यांच्या यादीसाठी. साडीचे उभे धागे कोणत्या रंगाचे, किती आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे, याची एक लांबलचक यादी असते. तिच्याबरहुकूम ताणा तयार होतो. पूर्वी मालक ती वहीत लिहायचे. व्यापाऱ्याने "ही लाल रेघ जरा काठात घ्या" म्हटलं की सगळी पानं परत लिहायची. मास्तरांनी प्रोग्रॅम केला त्यात प्रत्येक रंगाची एक पट्टी होती. माऊसने पट्टी धरायची, ओढत न्यायची, हवी तिथे सोडायची. बाकीच्या पट्ट्या आपणहून जागा करून देतात.

पहिल्याच दिवशी ते शेडमध्ये येऊन मालकांना म्हणाले, "मला कॉम्प्युटर अजिबात न येणारं माणूस द्या."

मालक हसले. "अवो, येणारं मागतात लोक!"

"ज्याला येतं तो प्रोग्रॅमची चूक सांभाळून घेतो. ज्याला येत नाही, त्याच्या हातात चूक उघडी पडते."

मालकांनी शेडभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. मला रंगांचा क्रम तोंडपाठ असायचा हे त्यांना माहीत होतं. आणि कॉम्प्युटर येणाऱ्या पोरीला जो पगार द्यावा लागला असता तो मला द्यावा लागणार नव्हता, हेही माहीत होतं. मी पदराला हात पुसले आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. मास्तर म्हणाले, "अक्का, आत सरकून बसा. कडेला नको."

पहिले तीन गुरुवार मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते दर गुरुवारी यायचे. मी मानेनेच हो-नाही करायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे. ते कॉम्प्युटरच्या पडद्याशीच बोलायचे.

महिन्याभरात मी यादी करायला लागले. एकच गोष्ट अवघड होती. यादी दोनशे ओळींची आणि पडद्यावर मावायच्या वीस. तळातली पट्टी वर न्यायची तर ती धरून पडद्याच्या वरच्या कडेला न्यायची. मग यादी आपणहून सरकते आणि वरच्या ओळी दिसायला लागतात. हात पट्टीत गुंतलेला असतो, दुसरं काही दाबता येत नाही, म्हणून सरकायचं काम यादीनेच करायचं. मास्तरांच्या हातात ती छान सरकायची, ओळीमागून ओळ. माझ्या हातात धावायची. कडेला नेलं की भुर्रकन वर, परत खाली आणलं की भुर्रकन तळाला. मला वाटायचं, माझंच चुकतंय. सांगायचं धाडस झालं नाही. हे माझं खरंच चुकलं. तेव्हा सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

एके दिवशी घाईची ऑर्डर होती. लाल पट्टी काठातल्या पिवळ्याशेजारी न्यायची होती. यादी दोनदा वर पळाली, दोनदा खाली. तिसऱ्यांदा पिवळा रंग दिसला आणि मी घाबरून बोट सोडलं. ते पिवळं काठातलं नव्हतं, साडीच्या अंगातलं होतं. कागद छापून निघाला. ताणेवाल्याने कागदात होतं तसं केलं. साठेक साड्यांचा तो ताणा. मागावर काही साड्या उतरल्यावर मालकांनी एक उलगडून बघितली.

त्याच वेळी लाईट गेली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. माग चालू असताना कारखान्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलतो. मालक रोज कुणाला तरी बोलतातच, ते बाकीच्यांना कळत नाही, म्हणून लागत नाही. पण त्या दिवशी सगळे माग थांबलेले, चाळीस माणसं रिकामी उभी, आणि मालक ती साडी माझ्यापुढे धरून म्हणाले,

"ह्ये काय हाय? काठातली रेघ पोटात कशी आली? चौथी शिकल्याली बाई कॉम्प्युटरवर बसवली, ह्यो माझा गाढवपणा! हात हाय का काय हाय तुझा? आठरा हजार चारशे रुपय बुडवलंस एका टायमाला! तुझ्या पगारातनं कापून घेणार. जा, कांड्याकडं जा परत."

मी गेले. लाईट आली, माग सुरू झाले. समोरच्या मशिनीवरची बाई तिच्या शेजारणीला ओठांनी म्हणाली, "हातच वाईट तिचा." मला ते वाचता आलं. चौथी शिकलेली असले तरी ओठ मी चांगले वाचते.

गुरुवारी मास्तर आले. कॉम्प्युटरपुढची खुर्ची रिकामी बघून मालकांकडे गेले. पडद्याबाहेर पाच मोजले. मी कांड्या घेऊन पलीकडेच उभी होते. जेवणाची सुट्टी होती, म्हणून ऐकू आलं.

"कपात थांबवा," मास्तर म्हणाले. "आधी चूक कुणाची ते बघू."

"बगायचं काय त्यात? मागं उभा ऱ्हाऊन बगितलंय मी, तुमच्या हातात नीट चालतंय, तिच्या हातात पळतंय. मग चूक कुणाची?"

मास्तर म्हणाले, "मला माहीत नाही. म्हणून तर बघायचंय."

सुट्टीच्या वारी त्यांनी मला मंगळवार पेठेत बोलावलं. एकट्या माणसाच्या खोलीवर बाईने कसं जायचं, म्हणून आमचे हे बरोबर आले. हेही मागावरच, आदल्या दिवशी डबल पाळी झालेली. दारातच चप्पल काढून बसले आणि भिंतीला टेकून झोपी गेले. संध्याकाळी परत जाताना बसमध्ये मला म्हणाले, "काय करत्यात गं ते दिवसभर?"

"हात बघत्यात माझा."

"जोतिषी हाय काय?"

मी हसले. त्या घटनेनंतर पहिल्यांदा हसले असेन.

खरंच दिवसभर मास्तर माझा हात बघत होते. पट्टी धरा, कडेला न्या, सोडा. परत धरा. ते कधी माझ्या डाव्या बाजूला उभे राहायचे, कधी उजव्या, एकदा तर खाली बसून टेबलाच्या पातळीला डोळे लावून बघत होते. यादी पळतच होती. तिसऱ्या सुट्टीपर्यंत त्यांना काही उमगलं नाही. मी मनात म्हणत होते, आता हेही म्हणतील, हातच वाईट.

मग त्यांनी खिळ्यावरच्या माळेतला एक मेलेला माऊस काढला. त्याच्या पोटाला पेनातली कांडी दोऱ्याने बांधली आणि कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ठेवला. आधी स्वतः धरला. "समजा ही पट्टी. ही कडेला नेली. आता धरून थांबलो." कागदावर एक सरळ रेघ उमटली आणि तिच्या टोकाला एक ठिपका. त्यांचा हात म्हणजे दगड. भरलेली पाण्याची वाटी तळव्यावर घेऊन ते जिना उतरायचे, थेंब सांडत नसे. त्याचा त्यांना जरा अभिमानही होता.

"आता तुम्ही."

मी नेला. कडेला धरून थांबले. मला वाटलं, मी थांबले. कागद उचलून बघितला तर रेघ नव्हतीच. धावदोऱ्यासारखं काहीतरी होतं, आणि टोकाला ठिपक्याऐवजी सुताचा गुंता.

मला रडू आलं. कांड्या भरताना धागा बोटांतून पळत असतो. गाठ, जाड-बारीक बघायला अंगठा आणि बोट त्यावर सारखं चोळत राहायचं. नवव्या वर्षापासून माझी बोटं तशीच हलतात. झोपेतही हलतात म्हणे. मला ते माहीतच नव्हतं.

मास्तर कागद हातात घेऊन खिडकीपाशी गेले. कागद उजेडाला धरला. मग कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की दारातले आमचे हे जागे झाले.

"अक्का, चूक माझी आहे."

मी मान हलवली, नाही म्हणून.

"माझीच. ऐका. मी प्रोग्रॅमला असं सांगून ठेवलंय, की पट्टी कडेला असताना हात जरा हलला की यादी एक ओळ सरकव. माझा हात हलतच नाही. मी मुद्दाम जरासा हलवतो आणि ती एक ओळ सरकते. तुमचा हात थांबलेला असतानाही हलतो, म्हणून ती दहा ओळी पळते. मी माझ्याच हाताने तपासत बसलो. जगात सगळ्यांचे हात माझ्यासारखेच असं धरून चाललो." मग म्हणाले, "गाढवपणा मालकांचा नव्हे, माझा."

आमचे हे डोळे चोळत म्हणाले, "म्हंजे हिचा हात बरा हाय न्हवं?"

"बरा? चांगला आहे. मी तो विचारात घेतला नाही."

ते दोन्ही कागद, त्यांची सरळ रेघ आणि माझा धावदोरा, त्यांनी भिंतीला शेजारी शेजारी चिकटवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कबनूरला येऊन मालकांपुढे एक कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की अठरा हजार चारशे रुपयांचं नुकसान प्रोग्रॅममुळे झालं, ते प्रोग्रॅम लिहिणारा भरून देईल, दर महिन्याला हजार आणि शेवटी चारशे. त्याखाली एक अट होती. शेवटचा हप्ता मिळेल त्या दिवशी मालकांनी शेडमध्ये सगळ्यांपुढे सांगायचं की चूक या बाईंची नव्हती. माग थांबवून सांगायचं.

मालकांनी अट दोनदा वाचली. "माग थांबवून? चाळीस माग? याड लागलंय काय मास्तर!"

"बोललात तेव्हा माग थांबलेले होते. तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आता चालू मागात सांगितलंत तर कोण ऐकणार?"

"ती लाईट गेलती! मी थांबवलं न्हवतं!"

"म्हणून तर आता थांबवा म्हणतोय."

मालकांनी सही केली. मला वाटतं, हे महाशय चार महिन्यांत हप्ते सोडून देतील असा त्यांचा हिशेब असावा. पण कपात थांबली आणि मला परत खुर्चीवर बसवलं गेलं. बायका ओठांनी काय काय बोलत होत्या. मी बघायचं बंद केलं.

प्रोग्रॅम मास्तरांनी मंगळवार पेठेत नव्याने लिहिला. आता हात किती हलला हे त्यात बघायचंच नव्हतं. घड्याळ बघायचं. हात कडेला असला की घड्याळाच्या ठोक्याला यादी सरकणार, मग बोटं काही करोत. पण किती वेगाने, यावर ते अडून बसले होते. हळू ठेवलं तर दोनशे ओळी सरायला चहा गार होतो. जोरात ठेवलं तर पहिलंच दुखणं. कॅलेंडरच्या पाठी आकड्यांनी भरल्या. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"कांडी भरताना आधी हळू असतंय. मग जोरात. संपत आली की परत हळू, न्हायतर धागा तुटतोय."

मास्तरांनी मान वर केली. पहिल्यांदाच मी त्यांच्यापुढे सलग तीन वाक्यं बोलले होते.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. ते लिहीत गेले. कडेच्या नुसतं जवळ असलं तर हळू, कडेला अगदी भिडलं तर जोरात, यादीचं टोक आलं की परत हळू. मग त्यांनी विचारलं, "आणि सुरू कधी व्हायचं? हात कडेला गेला की लगेच?"

मी म्हटलं, "लगेच कशाला? तुम्ही दारात थांबता तसं जरा थांबू दे की."

त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि हसायला लागले. मास्तरांचं हसू म्हणजे आवाज नाही, फक्त खांदे. तेव्हापासून यादी कडेला थोडी थांबते. दारातले पाच नव्हेत, त्याहून खूप कमी, पण थांबते. विचारल्यासारखी. नंतर त्यांनी मला पडद्यावर एक ओळ दाखवली. सगळं इंग्रजी अक्षरांत. "हे काय लिहिलंय माहिताय? अक्काचा थांबा. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. याला हे दिलं." मला इंग्रजी येत नाही. पण त्या ओळीचा आकार मी अजून ओळखीन.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते पाकिटात हजार रुपये घेऊन यायचे. पडद्याबाहेर पाच मोजायचे. मालक पाकीट घ्यायचे आणि त्या कागदावर एक रेघ मारायचे. सहाव्या महिन्यात मालकच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता मास्तर. निम्मं सोडलं. मी काय कसाई न्हाय." मालक वाईट माणूस नव्हेत. त्यांनाही व्यापाऱ्याचं बोलणं खावं लागलं होतं.

मास्तर म्हणाले, "सोडलं तर शेवटचा हप्ता कुठला? आणि तो नसला तर सांगणार कधी?"

एकदा शिलाईवाल्या वहिनींनी मला सांगितलं की हल्ली मास्तर गवळ्याच्या कट्ट्यावर जात नाहीत. मी हिशेब केला, बंद कधीपासून झालं ते. त्या आठवड्यात पाचशे रुपये एका कागदात गुंडाळून मी त्यांच्या माऊसखाली ठेवले. पुढच्या गुरुवारी ते पैसे माझ्या खुर्चीवर होते.

"मास्तर, निम्मं मला भरू द्या की."

"नाही."

"मीबी सांगितलं न्हवतं तुम्हाला, पळतंय म्हणून. तेवढी चूक माझीच हाय."

"मी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "अक्का, तुम्ही एक रुपया जरी भरलात तरी लोक म्हणतील, बघा, चूक होती म्हणूनच भरले. मी एवढं चाललोय ते वाया जाईल. दुधाचं मनावर घेऊ नका. तसंही मला पचत नव्हतं."

ते खोटं होतं. पण मी पुन्हा पैसे ठेवले नाहीत.

बाराव्या-तेराव्या महिन्यात त्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला. आधी मला वाटलं थंडी असेल. मग पाकिटावरचं अक्षर बदललं. मग एका गुरुवारी त्यांनी माझ्या खुर्चीवर बसून पट्टी धरली, कडेला नेली, आणि त्यांचा उजवा हात माऊससकट थरथरत होता. मी बघते आहे हे त्यांना कळलं. त्यांनी हात काढला नाही. यादी जरा थांबली आणि मग एका लयीत सरकायला लागली, शांतपणे. पट्टी त्यांनी हवी तिथे सोडली.

"चालतोय की," ते म्हणाले.

पुढच्या वेळी मी त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा भिंतीवर दोन कागदांच्या शेजारी तिसरा लावलेला होता. त्यावर माझ्यापेक्षाही दाट धावदोरा होता. तेच म्हणाले, "आता आपण एका बाजूला. कंपवात म्हणतात डॉक्टर. बरं झालं अक्का, तुमचा हात आधी भेटला. नाहीतर माझाच प्रोग्रॅम मला वापरता आला नसता."

मी तोंड फिरवून पाणी गाळायला लागले. फडकं भिजलेलं होतंच.

शेवटच्या हप्त्याला मी म्हटलं होतं की पाकीट माझ्याकडे द्या, बसची दगदग नको. ते ऐकेनात. भाऊ त्यांना दुसऱ्याच दिवशी जयसिंगपूरला नेणार होते. आमचे हे मंगळवार पेठेत जाऊन त्यांना घेऊन आले. शेडमधून चालताना त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. पडद्याबाहेर उभे राहिले. ओठ हलले. पाचाच्या जागी सात-आठ झाले असतील, पण मालक आतून ओरडले नाहीत. स्वतः उठून त्यांनी पडदा बाजूला केला.

मास्तरांनी पाकिटातून शंभराच्या चार नोटा काढल्या. हात एवढा हलत होता की नोटांचा आवाज येत होता. मालकांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. ओढून घेतल्या नाहीत. एक एक नोट त्यांच्या तळव्यावर येऊन टेकेपर्यंत ते हलले नाहीत. मग मोजल्या. चारच होत्या, तरी दोनदा मोजल्या.

मग ते शेडमध्ये गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

लाईट गेली की माग थांबतात ते वेगळं. तेव्हा लोक ओरडतात, हसतात, तंबाखू काढतात. मालकांनी स्वतः बंद केले म्हटल्यावर कुणी हललं नाही. शेवटचा माग दोनदा खडखडला आणि गप्प झाला. वरच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, ती ऐकू आली.

"ऐका रं सगळी!" मालक म्हणाले. माग बंद आहेत हे विसरून ते नेहमीच्याच आवाजात ओरडले आणि स्वतःच दचकले. मग हळू झाले. "त्या काठाच्या साड्या बिघडल्याल्या. मी ह्या बाईला बोललो हुतो. तिची चूक न्हवती. तिचा हात चांगला हाय. कॉम्प्युटरची चूक हुती."

"माझी," मास्तर मागून म्हणाले.

"बरं बाबा, मास्तरची! झालं?"

"झालं."

समोरच्या मशिनीवरच्या बाईने माझ्याकडे बघितलं. ओठांनी नव्हे, आवाजाने म्हणाली, "चांगलाच हाय की गं हात. आमी कवा न्हाई म्हटलं?" सगळे हसले. मलाही हसू आलं. पदरात तोंड लपवायला हात उचलला, पण मग खालीच ठेवला.

मालकांनी स्विच वर केला. माग एकेक करून बोलायला लागले. त्या आवाजातच त्यांनी केबिनमधून तो कागद आणला, माझ्या टेबलावर ठेवून त्यावर काहीतरी लिहिलं आणि मास्तरांना दिला. मास्तरांनी तो वाचला, घडी घातली, आणि टेबलाच्या कडेला न ठेवता मधोमध, माझ्यापुढे ठेवला.

तो कागद या वहीत आहे, या पानाच्या मागे. अठरा रेघा, एक छोटी रेघ, आणि खाली मालकांच्या हातचं: सगळे पैसे मिळाले, काही बाकी नाही. ती अक्षरं लावायला बराच वेळ लागतो. त्यांचं अक्षर माझ्याहून वाईट आहे.